डाव्या बाजूचा पत्रा

बोटाच्या पेरावर चिकटलेली ती गाडीच्या रंगाची खपली वरून पांढरी होती, पण नखाने उलटी केली की खाली फिकट गुलाबी, खडूसारखा भुसभुशीत थर, त्याच्याखाली पुन्हा पांढरा, आणि पुन्हा तोच गुलाबी — रंग एवढा जाड नसतो, प्राचीला वाटलं, कुठलाच रंग एवढा जाड नसतो. मायक्रोमीटर असता तर आत्ताच्या आत्ता सांगता आलं असतं. पण मायक्रोमीटर एमआयडीसीतल्या कारखान्यात होता, तिच्या टेबलाच्या वरच्या खणात, आणि ती इथे, हायवेवरच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, अर्ध्या दिवसाची रजा टाकून एसीच्या गार झोतात बसलेली, काचेपलीकडे आपल्या गाडीभोवती फिरणाऱ्या माणसाकडे पाहत. खपली टाकून द्यावी की ठेवावी हे ठरेना. शेवटी ती रुमालात गुंडाळली आणि मग स्वतःवरच चिडली. काय करणार आहेस तिचं?

“मॅडम, सतरा हजार चारशे,” छातीवर किरण असं नाव लावलेली मुलगी कागद पुढे सरकवत म्हणाली.

“एवढ्याशा पोच्याला?”

“आम्ही पत्रा ठोकत नाही मॅडम, बदलतो. मडगार्ड नवीन येईल, दाराला रंग, मजुरी, टॅक्स. कसं लागलं म्हणून लिहू?”

“उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेलं. दवाखान्यासमोर.” हे म्हणताना तिच्या लक्षात आलं की वाक्य आपलं नाही. ते आबांचं, तिच्या वडिलांचं होतं, परवा दुपारी चपला काढता काढता त्यांनी जसं टाकलं होतं तसंच्या तसं — कोन्ही तरी ठोकी ग्या, दवाखानासमोर उभी व्हती — आणि तिनेही ते तसंच उचललं होतं, भाजीची पिशवी उचलावी तसं, आत काय आहे ते न बघता.

न बघता... का, तर आबांनी सांगितलं म्हणून. भाईदास ड्रायव्हर. एसटीचा धुळे डेपो, एकतीस वर्षं, आणि एकतीस वर्षांत कुणाच्या कोंबडीलाही धक्का नाही. पंचवीस वर्षं विनाअपघात झाल्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांनी कधी भिंतीवर लावला नाही, कपाटात शर्टांच्या घडीखाली ठेवला, आणि पाहुणा आला की काहीतरी शोधायच्या निमित्ताने तो हमखास वर यायचा. दहा वर्षांची असताना ती त्यांच्या शेजारी इंजिनच्या तापलेल्या झाकणावर गोधडीची घडी टाकून बसायची, धुळ्याहून जळगावपर्यंत, आणि पारोळ्याच्या बाजारात दोन्ही अंगांनी हातगाड्या, मध्ये एक उभा बैल, आणि आबा एवढं मोठं धूड त्यातून काढायचे, दोन्हीकडे चार-चार बोटांची जागा सोडून. ती श्वास धरून बसायची आणि बाजार संपला की ते तिच्याकडे न बघता म्हणायचे, सोड आते. अशा माणसाने सांगितलं की गाडी उभी होती, तर ती उभीच होती.

मग हा कागद हातात धरून आपण इतक्या अस्वस्थ का आहोत? पैसे जास्त आहेत म्हणून. असणारच. तिने तसं स्वतःला बजावलं, कागदाची घडी घातली आणि गाडी बाहेर काढली.

खरं तर एकाच कामाचे वेगवेगळे भाव तिला सहनच होत नाहीत. कारखान्यात तपासणीला तिच्या टेबलावर येणारा पाइप अडीच मिलिमीटर जाडीचा असतो नाहीतर नसतो; सकाळी मोजा, रात्री मोजा, जळगावात मोजा नाहीतर धुळ्यात — आकडा तोच. वस्तू एक, तर आकडाही एक. नवरा, बुद्धभूषण, नाशिकहून पंधरा दिवसांनी येतो तेव्हा तिच्या या स्वभावाची टिंगल करतो, भाजीवाल्याशीसुद्धा तू मोजपट्टी घेऊन बोलतेस म्हणतो. काल फोनवर मात्र गंभीरपणे म्हणाला होता, दोन-तीन ठिकाणी दाखव, प्रत्येक जण वेगळं सांगेल, मधलं धर. मधलं धर! म्हणजे खरं काय आहे ते शोधायचंच नाही, नुसतं मधलं धरायचं.

अजिंठा चौफुलीच्या मागे हेमराजचं गॅरेज, पत्र्याच्या छपराखाली. तिथे ती कुणाच्या सांगण्यावरून नाही, पाटी दिसली म्हणून वळली. हेमराज तोंडात पुडी रिकामी करत उठला, त्याने आधी नंबरप्लेट पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पोच्याकडे — हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं — पोच्याकडे पाहिलंच नाही.

“दोन हजार द्या ताई. संध्याकाळी घेऊन जा.”

“पाहिलं तरी का तुम्ही?”

“पाहिल्यासारखंच आहे. आबांना सांगा, रंग मॅच करून देतो, कोणाला कळायचं नाही.”

दोन हजार आणि सतरा हजार चारशे. एकाच खड्ड्याचे. तिने विचार करून येते म्हणून गाडी मागे घेतली, वळवली, रस्त्यावर आली, रिक्षांच्या रांगेत अडकली, आणि तिथे, पुढच्या रिक्षाच्या धुराकडे बघताना, तिला जाणवलं की आपण त्याला आबांचं नाव सांगितलंच नव्हतं. मग? मग काही नाही. ओळखत असेल. अख्ख्या खान्देशात निम्मे लोक आबांना ओळखतात, बसमध्ये बसलेले असतात. आणि कोणाला कळायचं नाही म्हणजे... कोणाला? मागून हॉर्न वाजला. रांग पुढे सरकली होती आणि ती तिथेच.

इथून तिने सरळ कामावर जायला हवं होतं. पण पाय अॅक्सिलेटरवर आणि गाडी नशिराबादच्या रस्त्याला. मधल्या आकड्याच्या शोधात, तिने स्वतःला सांगितलं. हे खोटं होतं आणि ते तिला माहीत होतं, कारण रुमालातली ती खपली एखाद्या खड्यासारखी मांडीला टोचत होती, आणि आता तिला आकडा नकोच होता. आता तिला कुणीतरी मोजून द्यायला हवं होतं.

पत्र्याचं काम करणाऱ्या नजीरभाईंचं दुकान म्हणजे निंबाच्या झाडाखालची एक लांबलचक शेड. साठीचा, बारीक, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग गाडीकडे गेले. पोच्याला हात लावला नाही. पोच्याच्या आजूबाजूला लावला. तळवा पसरून, डोळे मिटून, मडगार्डवरून दारावर, दारावरून मागच्या दारावर — आई गेली त्या वर्षी डॉक्टर तिच्या पोटावरून असाच हात फिरवत होते, आणि तेव्हाही प्राची अशीच शेजारी उभी होती, चेहरा वाचायचा प्रयत्न करत.

“कोणी किती सांगितले?” त्यांनी विचारलं.

तिने दोन्ही सांगितले.

“दोघं बरोबर आहेत. कंपनीवाला पत्रा फेकून देतो, त्याला विचार करायला लागत नाही, विचाराचे पैसे तुम्ही देता. दोन हजारवाला वरून पुट्टी थापतो, घासतो, फवारा मारतो. त्यालाही विचार करायला लागत नाही. मी पहिले सगळं काढून पत्र्यापर्यंत जातो. तिथं काय निघेल ते आधी कोण सांगणार? म्हणून भाव वेगळे वेगळे. पोचा सगळ्यांना दिसतो ताई, पोच्याच्या खालचं ज्याला जेवढं बघायचंय तेवढंच.”

खिशातून त्यांनी एक चुंबक काढलं, बांगडीएवढं, जुन्या स्पीकरमधलं. बोनेटवर ठेवलं, टक्कन चिकटलं. मग मडगार्डवर ठेवलं, पोच्यापासून वीतभर दूर, जिथे सगळं गुळगुळीत, चकचकीत होतं. ते घसरलं आणि खाली मातीत पडलं.

त्यांनी ते उचललं. पुसलं. दाराच्या खालच्या अंगाला लावलं. पडलं. मागच्या दाराच्या कडेला... पडलं.

“इथं पत्र्यावर पुट्टी आहे, म्हणून चिकटत नाही. दोन वेळची, कदाचित तीन. आता ह्याच्यावर चौथी बसणार नाही, उन्हाळ्यात उकलेल. साडेसहा हजार होतील.” मग चुंबक घेऊन ते गाडीच्या उजव्या बाजूला गेले. टक्. टक्. टक्. चार वेळा लावलं, चारही वेळा चिकटलं. “गाडी कोण चालवतं?”

“मी,” प्राची म्हणाली. एका क्षणात. खोटं बोलायला तिला नेहमी वेळ लागतो, शब्द जुळवावे लागतात, आणि हे मात्र असं बाहेर पडलं की जणू ती सकाळपासून त्याच्यावरच बसून होती.

नजीरभाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि तिच्याकडे पाहिलं. त्यांना ते पटलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं नाही ही त्यांची रीत असावी.

“मग ताई, तुम्ही डोळे तपासून घ्या. डावीकडचं तुम्हाला दिसत नाही. चाळीस वर्षं पत्रा बघतो मी. ज्याचा हात चुकतो ना, त्याची गाडी चारी बाजूंनी लागते. एकाच बाजूनं लागते ते हाताचं नसतं.”

डावी बाजू. ताटाची डावी बाजू — आबा चटणी खात नाहीत. दिवाळीपासून. तिने रोज वाढली आणि रोज ती तशीच ताटात राहिली, लिंबाची फोड, ठेच्याचा गोळा, मीठ, सगळं डावीकडचं. तिला वाटलं पित्त झालं असेल, वयानं तिखट सोडलं असेल. एकदा ती म्हणालीही, आबा, ठेचा सोडला का हो? तेव्हा ते ताटाकडे पाहून थांबले, मान पूर्ण वळवून पाहिलं, आणि हसले, हा, डॉक्टरनी सांगं म्हणाले. कुठल्या डॉक्टरनी? तिने विचारलं नाही. दाराच्या चौकटीला डावा खांदा घासतो. डावीकडून हाक मारली की दचकतात. आणि फेब्रुवारीत एकदा गाडीला ताज्या रंगाचा वास येत होता, तर म्हणाले शेजारी कंपाउंड रंगवताहेत, आणि तिने खिडकीतून पाहिलं होतं, शेजारचं कंपाउंड विटांचं, उघडं, कित्येक वर्षं रंगाचा हात न लागलेलं — पाहिलं होतं! पाहूनही चहा ढवळत राहिली. कारण त्या दिवशी साडेनऊला ऑडिट होतं, आणि लेकीला, मृणालीला, शाळेत सोडायचं होतं, आणि सोडायला आबाच होते.

मृणाली.

आठ वर्षांची, आणि तिला मागे बसायला आवडत नाही. ती पुढे बसते, आबांच्या शेजारी. म्हणजे डावीकडे.

प्राची खुर्चीवर बसली. नजीरभाई काहीतरी विचारत होते — चहा सांगू का — आणि तिला हसू यायला लागलं, भलतंच, कारण तिच्या डोक्यात आकडे फिरत होते: शाळेत जाऊन-येऊन दिवसाला चार फेऱ्या, त्यांतल्या दोन पोरीसकट, महिन्याचे चोवीस दिवस, दिवाळीपासून... हे सगळं मी मोजू शकते. मी सगळं मोजू शकते, फक्त घरातलं नाही. घरातलं मी मोजलं नाही कारण मोजलं असतं तर रिक्षा लावावी लागली असती, रिक्षावाला वेळेवर येत नाही, बुद्धभूषण नाशिकला, मला नोकरी सोडावी लागली असती. मला आबांचा डोळा शाबूत हवा होता, म्हणून तो शाबूत होता. हेमराजनं काय केलं त्याहून वेगळं मी काय केलं? त्यानं निदान दोन हजार घेतले.

फोन वाजला. आबा.

“कितला सांगात?”

ती झाडाखाली गेली. तीन आकडे होते तिच्याकडे. दोन हजार म्हटलं तर आबा निश्चिंत होतील, संध्याकाळी गाडी तिकडे, उद्या पुन्हा शाळा. साडेसहा म्हटलं तर ते विचारतील, एवढे कशाचे, आणि त्याचं उत्तर चुंबकाखेरीज दुसरं नव्हतं.

“अजून एक जण बघतोय,” ती म्हणाली.

“लवकर ये माय. बारा वाजी ग्यात. पोरले आनाले जावानं शे.”

मी आणते, तुम्ही राहू द्या — एवढंच म्हणायचं. पाच शब्द. गाडी तिच्याच हातात होती, शाळा वाटेवर होती, कुणी काही विचारलंही नसतं. पण आज आणलं तर उद्या? आणि मग कायमचं? ज्या माणसाकडून एकतीस वर्षांत कुणी एकदाही स्टिअरिंग काढून घेतलं नाही त्याच्याकडून ते आपण फोनवर, झाडाखाली उभं राहून, कामाला जायच्या घाईत काढून घ्यायचं? तिला राग आला. आबांचा, मग हेमराजचा, मग नजीरभाईंचाही, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं डावं-उजवं. विचारला होता फक्त भाव. आणि रागाच्या खाली भीती होती, पोरीच्या काळजीची, जी गाडी सुरू केली तरी हलली नाही.

आबा घराच्या फाटकाशीच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने बसवलेले. महाबळमधल्या त्या शांत गल्लीत ते डेपोत ड्यूटीवर निघालेल्या माणसासारखे ताठ उभे होते, आणि गाडी थांबताच त्यांचा उजवा हात पुढे झाला. किल्लीसाठी.

तिने दिली.

का दिली हे ती पुढे किती दिवस स्वतःला विचारत राहील कोण जाणे. तिने वाक्य तयार ठेवलं होतं, वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पण तो हात असा पुढे आला की त्यावर दुसरं काही ठेवताच येईना.

“तू कामवर जावानी नही?”

“येते तुमच्याबरोबर.”

“बठ मंग.”

ती बसली. डावीकडे. मृणालीच्या जागेवर. सीट पोरीच्या मापाने पुढे ओढलेली होती, गुडघे डॅशबोर्डला लागत होते. आबांनी गाडी काढली, हळू, सुंदर, गिअर असा पडला की कळलाही नाही — हात अजून तोच होता, काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं हातात — आणि गल्लीच्या तोंडाशी ते उजवीकडे पाहून सरळ निघाले. डावीकडून एक सायकलवाला येत होता.

“आबा, डावीकडे सायकल.”

ब्रेक लागला. सायकलवाला एक शिवी देऊन गेला.

“दिखनी माले,” आबा म्हणाले. दिसली म्हणाले, पण उशिरा.

पुढे केळीची हातगाडी. तीही डावीकडे. तिने सांगितली, आवाज शक्य तितका साधा ठेवून, जशी सहज बाहेर बघत बोलते आहे; आबांनी स्टिअरिंग एक वीतभर उजवीकडे घेतलं. मग उभा टेम्पो. मग फटफटीवर तिघं. ती सांगत गेली. थांबता येईना. डावीकडचं सगळं जग तिच्या तोंडून आत येत होतं आणि आबा ते घेत होते, आणि पाय मात्र तिचे दोन्ही गाडीच्या तळाशी दाबलेले, नसलेल्या ब्रेकवर.

“हेमराजकडे गई व्हती?” त्यांनी मध्येच विचारलं. नजर सरळ रस्त्यावर.

“हो.”

सिग्नल लागला, सुटला. ती वाट बघत होती — की ते रागावतील, की म्हणतील डोळ्याचं ऑपरेशन करू, की गाडी बाजूला घेऊन किल्ली तिच्या हातात देतील, की काहीतरी. त्यांचे हात स्टिअरिंगवर होते, दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांसारखे, नेहमीचे. शिरा फुगलेल्या.

“मृणाल बी असंच सांगस,” ते म्हणाले. “रोज. तिना खेळ शे तो. डावीकडे म्हैस, डावीकडे खांब. एक बी सोडत नही.”

प्राची बाहेर बघत राहिली. एक दुकान गेलं, एक भिंत गेली, तिने काही सांगितलं नाही. रोज घरी येऊन दप्तर टाकणारी, डब्यातली भेंडी उरवणारी, टीव्हीसाठी रडणारी पोर — आणि ही, की जी त्याआधी अर्धा तास एक खांब न सोडता आजोबांचा डोळा होऊन बसलेली असते. तिला कुणी सांगितलं? कुणीच नसेल सांगितलं. तिने पाहिलं असेल. तिने चुंबक न लावता पाहिलं असेल, आणि आईला न सांगायचं हेही तिचं तिनेच ठरवलं असेल, कारण या घरात न सांगायचं कसं असतं ते ती शिकली कुणाकडून? आबांचं काय करायचं हा प्रश्न सकाळपासून मनात होता, तो तिथेच होता, पण आता तो एकटा नव्हता. त्या पोरीच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून, तुझा खेळ आजपासून बंद, हे कसं म्हणायचं, आणि ती विचारेल मग आबांना कोण सांगणार, तेव्हा काय सांगायचं...

शाळेचा रस्ता आला. शाळा सुटली होती. आबांनी गाडी अगदी हळू केली, चालण्याइतकी, मग त्याहून हळू, आणि फाटकाच्या थोडं अलीकडे पूर्ण थांबवली. त्यांनी मान वळवली नाही. ब्रेकवरचा पाय काढला नाही.

“माय,” ते म्हणाले, “डावा हातले काय शे?”

हे त्यांनी तिला प्रथमच विचारलं होतं. डावीकडे पोरं होती. फाटकातून सांडणारी, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, शंभर-दोनशे पोरं, कुणी गाडीच्या अगदी पत्र्याला घासून जाणारी, आणि त्यांच्यामधून वाट काढत, हात वर करून, त्यांच्याच गाडीकडे धावत येणारी एक. प्राचीने बोलायला तोंड उघडलं. आबा समोर बघत, पाय ब्रेकवर तसाच दाबून, ती सांगेल म्हणून थांबून राहिले होते.